विणलेले प्राणी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

क्रोशाने विणून आत भरण घातलेल्या प्राण्यांना जपानी भाषेत ‘अमिगुरुमी’ म्हणतात. ‘अमि’ म्हणजे विणलेले आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे भरण घातलेले मऊ खेळणे. या दोहोंच्या जोडीतून हा शब्द तयार झाला आणि आता तो मराठी घरांतही रुळला आहे. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात या अंकात घेतली आहेत. ती वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवली. आपल्याकडे क्रोशा ओळखीचा आहे तो तोरण, रुमाल आणि टोपडी यांच्या रूपाने, आणि त्या कामाचे सारे सौंदर्य जाळीत, म्हणजे ‘खांब’ नावाच्या दोन उंच टाक्यांमधल्या मोकळ्या जागेत असते. खेळण्याचे विणकाम मात्र आतले भरण धरून ठेवण्यासाठी असते, त्यामुळे तेथे मोकळी जागा हाच दोष ठरतो. अनेकींच्या अडचणींचे मूळ या एका फरकात आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. गेली चाळीस वर्षे मी क्रोशाचे काम करते. नातीने हत्ती मागितला म्हणून फोर प्लाय लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घेऊन, नेहमीप्रमाणे खांब घालत हत्तीचे पोट विणले. भरण घातल्यावर मात्र सगळीकडून पांढरा कापूस दिसू लागला आणि पोट गोल होण्याऐवजी पोत्यासारखे लोंबू लागले. इतक्या वर्षांच्या सवयीनंतर असे का व्हावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपला हात चुकलेला नाही, टाका आणि सुई या दोन्हींची निवड रुमालाची झाली आहे. खेळण्यासाठी खांब नव्हे, मुका खांब घालावा. सुईवर आधी वेढा न घेता सुई थेट टाक्यात घालायची, धागा ओढून घ्यायचा आणि सुईवरच्या दोन फासांतून एकदमच बाहेर काढायचा, हा तो टाका. तो ठेंगणा असल्यामुळे एकावर एक बसलेल्या फेऱ्यांमध्ये फट राहत नाही. खांब उंच असतो, आणि दोन उंच खांबांमध्ये उभी फट राहणारच. रुमालात ती शोभते, हत्तीच्या पोटावर शोभत नाही.

दुसरी गोष्ट सुईची. लोकरीच्या लेबलावर सुचवलेली सुई स्वेटर किंवा शाल मऊ पडावी म्हणून सुचवलेली असते. खेळण्यासाठी त्याहून एक ते दीड मिलिमीटरने बारीक सुई घ्यावी. आपल्या लोकरीला २.५ मिलिमीटरची सुई योग्य होईल. सुरुवातीला हात आखडल्यासारखा वाटेल आणि सुई टाक्यात शिरताना थोडा जोर लागेल, पण तेवढा जोर लागलाच पाहिजे. तीन-चार फेऱ्यांची चकती विणून ती बोटाच्या टोकावर ताणून पाहावी. टाक्यांमधून नख दिसले, तर सुई आणखी बारीक हवी.

टाका आणखी घट्ट करण्याची एक युक्ती आहे. सुई टाक्यात गेल्यावर धागा नेहमीसारखा सुईभोवती गुंडाळून घेण्याऐवजी सुईचा आकडा धाग्याच्या वरून नेऊन धागा पकडला आणि ओढून घेतला, की टाका ‘व्ही’ अक्षरासारखा न दिसता फुलीसारखा दिसतो आणि आकाराने किंचित लहान बसतो. चाळीस वर्षांची सवय मोडणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु एक कान याप्रमाणे विणून पाहिलात तर फरक डोळ्यांना दिसेल.

सुलट बाजूही तपासून घ्यावी. गोल विणताना वाटीसारखा आकार येऊ लागला की तो पुष्कळदा उलट बाजू बाहेर ठेवून वळतो. सुलट बाजूवर नीट रांगेतल्या खुणा दिसतात, तर उलट बाजूवर आडव्या लहान दांड्या दिसतात. वाटी उलटून घ्यावी आणि सुई नेहमी बाहेरून आत जात आहे ना, हे पाहावे. टाके कमी करतानाही भरण डोकावते, कारण दोन पूर्ण टाके एकत्र घेतले की त्या जागी गाठ आणि शेजारी भोक पडते. त्याऐवजी दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे फास सुईवर घेऊन त्यांचा एक मुका खांब करावा. कमी केलेली जागा शोधूनही सापडत नाही.

प्रश्न : मी नव्याने शिकते आहे. माझी चकती कधी टोपीसारखी वळते, तर कधी तिला झालर सुटते. प्रत्येक फेरीत सहाच टाके वाढवायचे असे सगळे सांगतात. सहाच का? आणि गोल चेंडू विणण्यासाठी किती फेऱ्या घालायच्या हे कसे ठरवावे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ‘का’ विचारलेत याचा मला फार आनंद झाला, कारण हे एकदा समजले की दुसऱ्याच्या नमुन्यावाचून स्वतःचा प्राणी विणता येतो.

प्रत्येक फेरीत चकतीची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते. त्रिज्या एका मापाने वाढली की परीघ त्या मापाच्या ६.२८ पटीने वाढतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद असतो, म्हणून वाढलेला परीघ भरून काढण्यासाठी दर फेरीला सुमारे सहा जादा टाके लागतात. त्याहून कमी वाढवले तर कडेला कापड अपुरे पडते आणि चकती टोपीसारखी वळते. जास्त वाढवले तर कापड उरते आणि झालर सुटते. खांब मुक्या खांबाच्या सुमारे दुप्पट उंच असल्यामुळे खांबांच्या रुमालात दर फेरीला बारा वाढवतात. हिशेब तोच आहे.

मधल्या कड्यात सहा मुके खांब घालून सुरुवात करावी. धाग्याचे टोक ओढून घट्ट करता येणारे हे कडे, ज्याला मॅजिक रिंग म्हणतात, साखळीच्या कड्यापेक्षा चांगले, कारण मध्ये भोक राहत नाही. पुढे १२, १८, २४, ३०, ३६ अशी संख्या वाढत जाते. मात्र वाढीचे टाके दर फेरीत एकाखाली एक आले तर चकतीला सहा कोपरे पडतात, म्हणून एक फेरी सोडून एका फेरीत वाढीची जागा थोडी पुढे सरकवावी.

आता चेंडूचे. गोलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पृष्ठभागावरून मोजलेले अंतर हे त्याच्या मधल्या घेराच्या निम्मे असते. टाका चौरस धरला, तर ३६ टाके घेराच्या चेंडूला १८ फेऱ्या हव्यात. ३६ पर्यंत वाढवण्यात ६ फेऱ्या जातात आणि पुन्हा सहापर्यंत कमी करण्यात ५. म्हणजे मध्ये ७ फेऱ्या न वाढवता, न कमी करता सरळ विणाव्यात. आपल्या हाताचे टाके रुंदीपेक्षा ठेंगणे पडत असतील तर एखादी फेरी अधिक घालावी. अंडाकृती डोके हवे असेल तर मधल्या सरळ फेऱ्या वाढवाव्यात, चपटे हवे असेल तर कमी कराव्यात.

हे सारे मोजण्यावर अवलंबून आहे. खेळण्यात फेरी जोडून बंद करत नाहीत, कारण त्या जोडाची शिवण बाहेरून दिसते. वळसे एकापाठोपाठ एक सलग चढत जातात. त्यामुळे फेरी कोठे सुरू झाली हे नजरेने कळत नाही. पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा किंवा लहान सेफ्टी पिन अडकवावी आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी टाके मोजावेत. गप्पा मारत विणण्याचे सुख रुमालात आहे. डोके विणताना निदान फेरीच्या शेवटी तरी थांबावेच लागते.

प्रश्न : इंग्रजी नमुन्यात ‘डबल क्रोशे’ लिहिले होते, म्हणून मी खांब घातले, तर अस्वल दुप्पट उंच झाले. नमुना चुकीचा आहे का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : नमुना बहुधा ब्रिटिश पद्धतीचा असावा. ब्रिटिश पद्धतीत ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणतात तो आपला मुका खांब. अमेरिकी पद्धतीत त्याच मुक्या खांबाचे नाव ‘सिंगल क्रोशे’, आणि ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब. ओळखण्याची खूण सोपी आहे : ब्रिटिश पद्धतीत ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द वापरत नाहीत, त्यामुळे नमुन्यात तो कोठेही दिसला तर नमुना अमेरिकी समजावा. भरण घालायच्या प्राण्याचा संपूर्ण नमुना ‘डबल क्रोशे’मध्येच लिहिलेला असेल, तर तो जवळजवळ नेहमी ब्रिटिश असतो.

प्रश्न : भाचीच्या बाळंतविड्यात दुपटी-टोपड्यांबरोबर हाताने विणलेला ससा द्यायची इच्छा आहे. दुकानात प्लास्टिकचे काळे चमकदार डोळे मिळतात, त्यांना ‘सेफ्टी आईज’ म्हणतात. ते बाळासाठी सुरक्षित असतील ना? सशाच्या गळ्यात रिबन आणि घुंगरूही बांधायचे आहे. शिवाय माझ्या आईचे म्हणणे असे की राईच्या उशीप्रमाणे आत थोडी राई घालावी, म्हणजे सशाला वजन येईल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाळंतविड्यात हाताने विणलेला ससा असावा ही कल्पना फार सुंदर आहे, आणि म्हणूनच या उत्तरात मी थोडी कठोर होणार आहे.

नावात ‘सेफ्टी’ असले तरी ते डोळे तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याला लावू नयेत. हा डोळा म्हणजे दांडी असलेले बटण. दांडी विणकामातून आत घालून मागून चकती दाबून बसवतात. चकती सहसा निघत नाही हे खरे. पण ती रोवलेली असते विणकामात, आणि विणकाम ताणले जाते. बाळ ससा तोंडात धरून ओढते, चावते. टाके सैल होतात आणि एखादे दिवशी डोळा चकतीसकट बाहेर येतो. तो नेमका श्वासनलिकेत अडकण्याच्या मापाचा असतो. मणी, मोती, बटणे आणि घुंगरू यांनाही हाच नियम लागू आहे. डोळे काळ्या धाग्याने भरतकाम करून काढावेत. मिटलेल्या पापण्यांच्या दोन कमानी काढल्या तर झोपलेला ससा दिसतो, आणि माझ्या मते तो चमकदार डोळ्यांच्या सशाहून देखणा दिसतो. नाक आणि तोंडही तसेच भरावे आणि धाग्यांची टोके आत खोलवर नेऊन दोन-तीनदा उलटसुलट ओवून टाकावीत.

रिबन नकोच. गळ्याला रंग हवा असेल तर दोन फेऱ्या वेगळ्या रंगाने विणाव्यात. घुंगरूसुद्धा आत घालू नये. टाके उसवले की तेच आधी बाहेर येते. राईबद्दल आईंचा अनुभव उशीपुरता खरा आहे, परंतु उशीला घट्ट विणीच्या कापडाचे अस्तर असते. क्रोशाच्या टाक्यांतून राई एकेक दाणा करून गळते, दाणा बाळाच्या नाकातोंडात जाऊ शकतो, आणि राई भरलेला ससा धुता येत नाही. बाळाच्या खेळण्याला वजनाची गरजही नसते.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे. पहिल्या वर्षात बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ कोणतेही मऊ खेळणे ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. तोंडावर मऊ वस्तू आली तर लहान बाळाला ती बाजूला करता येत नाही. ससा देताना भाचीला हे आवर्जून सांगावे. पाळण्यासाठीच काही विणायचे असेल तर चिमणाळे विणावे. लहान चिमण्यांना फार तर १८ टाक्यांचा घेर पुरतो. ते बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच बांधावे, आणि बाळ हातांवर उठू लागले की उतरवून ठेवावे.

प्रश्न : आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी घेऊन निघतात. धाकट्या मुलाला जड नंदी पेलत नाही, म्हणून त्याच्यासाठी क्रोशाचा बैल विणायला घेतला आहे. बैलाचा नमुना कोठे मिळाला नाही. गाईचा मिळाला, पण तिला वशिंड नाही. शिवाय माझा बैल उभाच राहत नाही, पुढे कोसळतो, आणि शिंगे सरळ काठीसारखी दिसतात.
— एक वाचक, वर्धा

उत्तर : हे पत्र वाचून मी स्वतःच एक बैल विणायला घेतला, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. परदेशी नमुन्यांतल्या गाई वशिंडाच्या नसतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोरची जनावरे वेगळी. आपल्या बैलाची ओळख मात्र वशिंड, शिंगे आणि गळ्याखालची पोळी यांनीच होते, म्हणून हे तिन्ही अवयव नमुन्यात आपणच घालावे लागतील.

आधी उभे राहण्याचे पाहू. बैल पुढे कोसळतो कारण डोके जड आहे आणि पुढचे पाय फार मागे शिवले आहेत. पुढचे दोन पाय छातीच्या अगदी कडेला, किंचित पुढे झुकलेले शिवावेत. पाय जाड आणि आखूड असावेत : १८ टाक्यांचा घेर आणि दहा-बारा फेऱ्यांची उंची पुरे. तळवा सपाट हवा, त्यासाठी १८ टाक्यांची चकती झाली की पुढची एक फेरी टाक्यांच्या फक्त मागच्या फासात विणावी. कडेला घडी पडते आणि तळवा जमिनीला सपाट टेकतो. पायांत भरण दगडासारखे घट्ट भरावे, पोटात त्याहून थोडे कमी, आणि डोक्यात सर्वांत कमी. पाय शिवण्याआधी चारही पाय टाचण्यांनी लावून बैल टेबलावर उभा करून पाहावा. शिवण घालायची ती तो उभा राहिल्यावरच, आणि टाचण्या मोजून लावून मोजूनच काढाव्यात.

वशिंड म्हणजे अर्धा चेंडू : २४ टाक्यांपर्यंत वाढवून तीन फेऱ्या सरळ, मग धागा हातभर लांब ठेवून तोडावा. ते पाठीच्या मध्यावर न बसवता खांद्यांवर, पुढच्या पायांच्या बरोबर वर बसवावे आणि शिवण पूर्ण होण्याआधी आत भरण ढकलावे. वशिंड किंचित मागे कलले की बैल खिल्लारी दिसू लागतो.

शिंगे वळवण्याची रीत अशी : सहा टाक्यांनी सुरुवात करून ती नऊपर्यंत हळूहळू वाढवावीत. त्यानंतर प्रत्येक फेरीत एका बाजूला एक टाका वाढवावा आणि त्याच्या समोरच्या बाजूला एक कमी करावा. एकूण टाके नऊच राहतात, पण एक बाजू लांब होत जाते आणि शिंग आपोआप कमी केलेल्या बाजूकडे वळते. येथे एक खबरदारी हवी. सलग वळशांत विणताना टाके हळूहळू एका बाजूला सरकत जातात, त्यामुळे केवळ टाके मोजून वाढ केली तर शिंगाला पीळ पडतो. वाढीची जागा नजरेने, शिंग हातात फिरवून ठरवावी. दुसरे शिंग विणताना पहिले शेजारी ठेवावे.

गळ्याखालची पोळी भरण न घालता सपाट विणून शिवावी. झूल वेगळी विणून पाठीवर घालता-काढता येईल अशी केली तर मुलाला बैल सजवण्याचा आनंद मिळेल, आणि येथे आपला जुना जाळीचा क्रोशाही खुशाल वापरावा, कारण झुलीत काही धरून ठेवायचे नाही. गोंडे घट्ट शिवावेत. कासरा मात्र वीतभराहून लांब ठेवू नये. लहान मुलाच्या गळ्यात दोरी अडकण्याची भीती असते.

प्रश्न : पावसाळ्यात क्रोशाच्या खेळण्यांना कुबट वास येतो आणि धुतल्यावर आत गोळे होतात. आम्ही शेवरीचा कापूस भरतो. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शेवरीचा कापूस हलका आणि मऊ, पण त्याचे तंतू आखूड आणि निसरडे असतात, ते टाक्यांतून बाहेर येतात आणि भिजले की एकमेकांना चिकटून बसतात. साधा कापूस पाणी धरून ठेवतो, आणि कोकणातल्या पावसात तो आतून वाळेपर्यंत बुरशी धरते. धुवायच्या खेळण्यात उशांसाठी मिळणारा पॉलिस्टरचा तंतू भरावा. तो पाणी शोषत नाही आणि दाबल्यावर पुन्हा फुगतो. भरताना मूठभर गोळा एकदम कोंबू नये. बोटांनी पिंजून लहान लहान भाग कडेपासून मध्याकडे भरावेत, म्हणजे बाहेरून उंचवटे दिसत नाहीत. कपड्यांच्या चिंध्या नकोत, कारण त्या जड होतात आणि उशिरा वाळतात.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्यावा. पिळू नये; जाड पंचात गुंडाळून दाबावे आणि टांगून न ठेवता जाळीवर आडवे वाळवावे. कानाला चिमटा लावून टांगले तर सगळ्या पाण्याचे वजन कानाच्या शिवणीवर येते. आत ओल राहिली आहे का हे कळण्यासाठी खेळणे गालाला लावून पाहावे. ओले असेल तर ते गार लागते.

प्रश्न : शेजारणींनी माझे प्राणी पाहून विकत मागितले आहेत. विकण्यासाठी काही नियम आहेत का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहेत. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर त्यानुसार भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी स्वतः तयार करून विकलेल्या वस्तूंना यातून सूट दिलेली आहे. त्यामुळे पहिली मागणी स्वीकारण्याआधी कारागीर म्हणून नोंदणीची चौकशी करावी आणि त्या वेळी लागू असलेले नियम त्या कार्यालयातच विचारून घ्यावेत.

सूट मिळाली तरी डोळे, मणी आणि दोरी यांबद्दल वर लिहिलेली खबरदारी तशीच राहते. विकण्याआधी प्रत्येक कान, शेपूट आणि पाय दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहावा. शिवण थोडीही हलली तर ती उसवून पुन्हा घालावी, मग गिऱ्हाईक दारात उभे असले तरीही.